अर्धी ढोलकी

उकंडरावनं डावा हात मांडीखाली दाबून धरला आणि नुसत्या उजव्या हातानं ढोलकीवर थाप मारली. शाईची बाजू टणटणली, घुमणारी बाजू मुकी ती मुकीच. चर्चमधल्या भजनाचा असा विचका झाला की विचारू नका! टाळ एकीकडे, बाया भलतीकडेच. शेवटी पाळकसाहेबांनी चष्म्यावरून पाहत भजन आवरतं घेतलं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. उकंडराव खामगावच्या एका जिनात, कापसातली सरकी काढणाऱ्या रेच्यांचे पट्टे शिवायचा. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं त्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचलला, आणि तेच नाव पडलं. पुढे घर ख्रिस्ती झालं, पण नवस बोलायची खोड काही अंगातून गेली नाही. जिवाला विरंगुळा म्हणाल तर एकच, रविवारची ढोलकी.

पोळ्याच्या सुमाराला त्याची बायको चांगुणा बाळंतपणात अडली. दवाखान्याच्या ओट्यावर हा घाबराघुबरा होऊन बोलून गेला, "देवा, दोघाइले वाचव! मी ढोलकी सोडतो जलमभर!"

चांगुणा वाचली. पोरगी गेली.

आता आली का पंचाईत! सोडावी, तर पोरगी कुठे मिळाली? वाजवावी, तर चांगुणाला काही झालं म्हणजे? मग या शहाण्यानं निम्मी ढोलकी सोडली.

भजन फसलं त्या दिवशी घरी भाकर वाढताना चांगुणानं विचारलं, "काऊन हो, हाताले काय झालं?"

त्यानं सगळं सांगून टाकलं. चांगुणाला हसू फुटलं, बाळंतपणानंतर पहिल्यांदाच. हसता हसता डोळे भरून आले.

"म्हंजे मी वाचली ते तुमच्या ढोलकीपाई? अन् पोरगी काऊन गेली मंग? ढोलकी कमी पडली?"

"तसं नाई वं..."

"मंग कसं? प्रभू काय भाव करत बसला हाय? ते काऊन गेली, मले नाई समजत. तुमाले बी नाई समजत. पन पोरगी त्याच्यापाशी हाय ना? मी त्याच्यावरच सोडलं."

"मी शब्द देला देवाले. फिरवू कसा?"

"त्यानं मांगतला होता का? माफी मांगा. बापच हाय तो."

उकंडराव भाकर तशीच टाकून चुलीपुढे गुडघ्यावर आला. "बापा, चुकलो. तुह्यासंग सौदा केला. चांगुणा ठेवली तू, लय उपकार हायेत." पोरीसाठी तो त्या दिवशी पहिल्यांदा रडला, पोटभर. चांगुणा त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

कापणीच्या सणाला लोकांनी ज्वारीची कणसं, कापसाची बोंडं, भोपळे आणून वेदीपुढे मांडले. उकंडराव ढोलकी घेऊन बसला, तर चांगुणानं पिशवीतून एक दुपटं काढलं. जुन्या लुगड्याचं, पोरीसाठी शिवलेलं, घडीही न मोडलेलं.

"ढोलकी घसरते तुमची," ती म्हणाली. "हे घ्या खाली."

त्यानं घडी मोडली, दुपटं मांडीवर पसरलं, वर ढोलकी ठेवली, आणि दोन्ही हातांनी भजन उचललं.