फोटो क्रमांक चारशे तेरा

आमची मुलगी तीन वर्षांनी, दोन दिवसांसाठी आली. शाळा बुडू नये म्हणून नात तिकडेच बापाजवळ राहिली. तिच्याऐवजी तिचे फोटो आले, अकराशे चाळीस, आणि तेही मुलीच्या फोनमध्ये. तिचा फोन एका कंपनीचा, आमचा दुसरीचा. दोघांत रोटी-बेटी व्यवहार बंद.

"जवळ धरले की आपोआप जातात म्हणे," आमची ही म्हणाली आणि दोन्ही फोन टेबलावर खेटून ठेवले. दहा मिनिटं आम्ही तिघं टक लावून बसलो. फोन एकमेकांकडे ढुंकून बघेनात. मग वायर आणली. तिचं एक टोक मुलीच्या फोनात बसलं, दुसरं आमच्यात शिरेना. मेसेजने पाठवले तेव्हा फोटो आले खरे, पण नातीचं नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो, हे सांगायला मोजणीवाला लागला असता.

मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतो. "दोन लाइनी आपसात बोलत नसतील तर मध्ये माणूस लागतो," मी म्हटलं.

"झालं सुरू!" ही म्हणाली. "निवृत्त होऊन बावीस वर्षं झाली, कानावरचा हेडफोन काही उतरत नाही."

मुलगी हसली. लहानपणी ती वाटी कानाला लावून माझी नक्कल करायची. ट्रंक कॉलवर आम्ही मध्येच घुसून म्हणायचो ना, तेच वाक्य: 'तीन मिनिटं झाली, वाढवायची का?'

शेवटी ती आमच्या दोघांच्या मध्ये बसली आणि एकेक फोटो ईमेलने पाठवू लागली. प्रत्येकाबरोबर गोष्ट यायची.

"हा दात पडला तेव्हाचा. पडला म्हणून नाही रडली. सापडेना म्हणून रडली."

"तुझ्यावर गेलीय," ही म्हणाली.

दुपारपर्यंत एकतीस फोटो झाले. या वेगाने मुलीला अजून महिनाभर तरी राहावं लागणार होतं. माझी काही तक्रार नव्हती.

खरं तर झेरॉक्सवाल्याने मला सकाळीच उपाय सांगितला होता. सगळे फोटो इंटरनेटवर एका जागी चढवायचे आणि लिंक पाठवायची. कुठल्याही फोनवर उघडतात. मी ते पोटात ठेवलं. तीस वर्षं गावभरची बोलणी पोटात ठेवली, त्यात एक लिंक काय जड?

चार वाजता ही झेरॉक्स काढायला गेली आणि ज्ञानी होऊन परतली. "अहो, तो म्हणतो, यांना सकाळीच सांगितलंय!"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"बाबा?"

"विसरलो असेन. वय झालं."

तासाभरात अकराशे चाळीस फोटो आमच्या फोनवर उघडले, नाक-गाल वेगवेगळे दिसण्याइतके स्वच्छ. मुलगी उठून बॅग भरायला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली आणि टेबलाशी मधली खुर्ची रिकामी राहिली.

चार दिवस आम्ही फोटो पाहिले. सगळं दिसत होतं, कळत काहीच नव्हतं. एका फोटोत नात लाल बादलीत पाय घालून बसली होती, चेहऱ्यावर मोठ्या साहेबाचा भाव. बादलीत काय होतं?

संध्याकाळी मी फोन लावला. "फोटो क्रमांक चारशे तेरा. बादली कुणाची?"

"बाबा, त्यात सांगण्यासारखं काही नाही हो."

"नसू दे. तू सांग."

तिने सांगायला सुरुवात केली. बादली शेजारणीची होती. मग शेजारीण आली, तिचं मांजर आलं, मग नातीच्या बुटांत सापडलेला मासा आला. ही खुर्ची ओढून माझ्या फोनाला कान लावून बसली. सवयीने माझी नजर घड्याळाकडे गेली.

मग तिकडून नाकातून काढलेला ऑपरेटरचा आवाज आला, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?"

हिने फोन ओढून घेतला आणि म्हणाली, "वाढवा."