फिरायला गेलेला माणूस

"मोठ्यानं बोलू नोको. मुकादम बाहेरच उभा आहे," हर्षल तिकडून म्हणाला.

वर्षाराणीनं फोन कानाशी दाबला आणि ती वाफ्यातून उठून बांधावरच्या कडुनिंबाखाली गेली. मागे तिची सासू गिरजाबाई सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसली होती. तालुक्याला, मालेगावच्या बाजाराला माल न्यायला गाडी यायची वेळ झाली होती.

"जेवले का तुमी?"

"डोये लय दुखून राह्यले. काल दिवसभर फवारणी केली. तोंडाले बांधाले फडकंबी देत नाई हे लोक."

"मंग दवाखान्यात जा ना."

"कसा जाऊ? पासपोर्ट मालकापाशी आहे. रस्त्यावर दिसलो का पोलीस उचलते. परवा धाड आली तं आमी जंगलात पळालो. एक नेपाळचा माणूस नाल्यात पडला. पाय मोडला त्याचा. त्याले पाह्याले कोणी गेलं नाई, वर्षा. मीबी नाई गेलो."

फोन बंद झाला. तो असाच मध्येच बंद व्हायचा.

तिचा नवरा हर्षल दिवाळीनंतर मलेशियाला गेला होता. मोठ्या दुकानात सामान लावायचं काम, राहायला खोली, रविवारी सुट्टी, असं सांगून त्याला नेलं होतं. विमानतळावरून एका बंद गाडीनं त्याला डोंगरात नेलं. तिथं प्लास्टिकच्या छपराखाली कोबी आणि टोमॅटो होते, मैलभर. पहिल्या दिवशी त्यानं व्हिडिओ कॉल करून सगळं दाखवलं आणि हसला, "आपल्या किन्हीराजाले कोबी काढत होतो, इथंबी कोबीच." त्यानंतर तो हसलेला तिनं पाहिला नाही.

तो त्या देशात फिरायला आलेला माणूस म्हणून शिरला होता. फिरायची मुदत महिन्याभरात संपली. तेव्हापासून तो तिथल्या कायद्यानं गुन्हेगार होता, आणि हे मालकाला पक्कं ठाऊक होतं. कोणी मजुरी मागितली की मालक हसत खिशातून फोन काढायचा आणि पोलिसांना लावतो म्हणायचा. मागणारा मुकाट्यानं वाफ्यात परत जायचा.

"काय म्हणे?" गिरजाबाईनं विचारलं.

"डोये दुखतेत म्हणे."

"तुया भावानं नेलं त्याले," गिरजाबाई जुडीला गाठ मारत म्हणाली. "तुया भावानंच आणून द्यावं."

हे वाक्य आता त्या घरात रोजचं झालं होतं. सासरे उत्तमराव तेवढं बोलत नसत. ते फक्त तिच्या हातून पाण्याचा तांब्या घ्यायचे थांबले होते. तिनं ठेवला की ती लांब गेल्यावर उचलायचे.

दुसऱ्या दिवशी वर्षाराणी कारंज्याला गाडी बदलून माहेरी, कामरगावला गेली. स्टँडजवळ तिच्या धाकट्या भावाचं, गणेशचं, मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. तो एका फोनचं मागचं झाकण उघडून बसला होता. तिला पाहून त्यानं स्टूल पुढे सरकवलं.

"गण्या, मले खरं सांग. ते फिरायच्या व्हिसावर नेऊन राह्यले, हे तुले मालूम होतं का?"

गणेशनं पेचकस खाली ठेवला. तो उघड्या फोनकडं पाहत राहिला.

"मालूम होतं," तो म्हणाला.

"अन् तरी नागपूरले विमानात बसवून आला तू?"

"व्हय."

"काहून?"

त्यानं पेचकस पुन्हा उचलला. भांडला असता, शपथा घातल्या असत्या, तर तिला बरं वाटलं असतं.

"तो मदनसिंग कुठं आहे, ते तरी दाखव."

मदनसिंग हा अकोल्याचा एजंट. गणेशच्या दुकानात फोन दुरुस्त करायला आला तेव्हाची ओळख. बहीणभाऊ त्याच दुपारी अकोल्याला गेले. ज्या खोलीत त्याचं ऑफिस होतं, तिथं आता मुलींना मेंदी शिकवत होते. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, आधीचे भाडेकरू कुठं गेले ते मालकालाही माहीत नाही. मदनसिंगचा फोन लागत नव्हता. ते त्याचं खरं नावही नसावं, असं गणेश परतताना बसमध्ये म्हणाला.

मग ती उत्तमरावांना घेऊन पोलीस ठाण्यात गेली. ठाणेदार बोलायला बरा माणूस होता. त्यानं दोघांना बसायला खुर्च्या दिल्या.

"बाई, तो आपल्या पायानं गेला, फिराले जातो म्हणून. तिथल्या लोकायच्या हिशेबानं गुन्हा त्याचा आहे," तो म्हणाला. "नुसत्या अर्जानं काही हालत नाई. इथं गुन्हा दाखल झाला का फसवून नेल्याचा, तं कागद वर जाते. मंत्रालयातून तिथल्या वकिलातीले फोन जाते. मंग मालकाले पासपोर्ट काढाच लागते."

"मंग करा ना दाखल."

"कोणावर करू? मदनसिंगचा पत्ता नाई, खरं नाव नाई. नेलं कोण? विमानतळावर कोण गेलं होतं?"

वर्षाराणी उत्तमरावांकडं वळली. ते खिडकीबाहेर पाहत होते. ठाणेदार वाट पाहत राहिला. बाहेर कोणीतरी जीप चालू करत होतं. ती चालू होत नव्हती.

"एकदा नाव लिहिलं का वापस घेता येत नाई," तो म्हणाला. "घरी जा. विचार करा."

ती उठली नाही. घरी विचार करायला काय होतं? एका बाजूला डोळे चोळत फवारणी करणारा माणूस, दुसऱ्या बाजूला उघड्या फोनकडं पाहणारा. दोघांपैकी एकाला बाहेर काढायचं तर दुसऱ्याला आत ढकलावं लागणार होतं, आणि ज्यांनी हे दार बनवलं त्यांतला एकही या खोलीत नव्हता.

"लिहा," ती म्हणाली. "गणेश."

गणेशला दुकानातूनच नेलं. त्याचं लग्न जमलं होतं. मुलीकडच्यांनी आठवड्याच्या आत निरोप पाठवला. शेजारच्या दुकानदारांनी त्याचं शटर ओढून घेतलं. वर्षाराणीच्या आईचा, कस्तुराबाईचा, एकदाच फोन आला. ती रडली नाही की रागावली नाही.

"बाई," ती म्हणाली, "त्याले भाकर द्याची आहे. ठाण्यात कोण्या दरवाज्यानं जा लागते? तुले मालूम आहे म्हणून विचारलं."

वर्षाराणीनं सांगितलं. पुढे काही बोलावं म्हणून ती शब्द शोधत होती, तोवर आईनं फोन ठेवला होता.

ठाणेदार म्हणाला होता तसंच झालं. कागद वर गेला. वकिलातीतून मालकाला फोन गेला. मालकानं कागदपत्रं मुकाट दिली, आणि त्याच संध्याकाळी हर्षलसकट काही मजुरांना पोलिसांच्या हवाली केलं. हर्षल काही दिवस तिथल्या कोठडीत होता. मग त्याला विमानात बसवलं. मालकाला काय झालं, असं वर्षाराणीनं ठाणेदाराला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "ते त्याचा देश पाहीन."

हर्षल घरी आला तेव्हा गिरजाबाईनं त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. उत्तमराव त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. त्याच्या डाव्या डोळ्यावर साय धरल्यासारखं झालं होतं. तो जेवायला बसला आणि ताट जवळ ओढून, अंगाआड धरून जेवला.

चार दिवसांनी सकाळी दोघं वांगी तोडत होते. गणेश अजून आत आहे, हे तिनं त्याला तेव्हा सांगितलं. आजवर घरात कोणी सांगितलंच नव्हतं.

हर्षलच्या हातातलं टोपलं खाली टेकलं.

"काहून? त्यानं काय केलं?"

"त्याले सारं मालूम होतं. त्यानं स्वतः कबूल केलं माह्यापाशी."

हर्षल खाली बसला. "मलेबी मालूम होतं, वर्षा," तो म्हणाला. "गण्या नाई म्हणत होता. दोनदा नाई म्हणला. म्हणे भाऊजी, हे चोरीचं काम आहे, अडकसान. मीच त्याले तुयी शपथ घातली का ताईले सांगजो नोको. मले जायचंच होतं. बाबाच्या हाताखाली टोपले उचलू उचलू मी... बाजारात लोक मले उत्तमरावचा गडी समजत. मले वाटलं, एकदा बाहेर पडलो का मंग आपलं आपण."

कोबीच्या वाफ्यात उत्तमराव पाणी वळवत होते. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. फावडं मात्र थांबलं होतं.

वर्षाराणीनं हात पदराला पुसले.

"चला," ती म्हणाली. "ठाण्यात लिहून द्या हे."

"मंग मीबी अडकीन."

"अडका."

तो तिच्याकडं पाहत राहिला. ती त्याच्या चांगल्या डोळ्याकडं पाहत होती. थोड्या वेळानं तो उठला आणि तोंड धुवायला मोटारीच्या पाइपाकडं गेला.

त्यानं जबाब दिला. ठाणेदारानं दोनदा विचारलं, समजून उमजून देता का, आणि मग लिहून घेतला. गणेशला जामीन मिळाला. खटला मात्र मिटला नाही; तारखा सुरूच राहिल्या, आणि आता त्या तारखांना दोघांनाही उभं राहायचं होतं. मदनसिंग सापडला नाही. किन्हीराजातली आणखी दोन पोरं कोणामार्फत तरी दुसऱ्या कुठल्या देशात गेली, असं पुढच्या महिन्यात गावात कळलं. फिरायलाच.

गणेश सुटल्यावर वर्षाराणी हर्षलला घेऊन कामरगावला गेली. दार उघडंच होतं. कस्तुराबाईनं दोघांना पाहिलं आणि आतून सतरंजी आणली, ती चांगली, घडीची, सोयरे आले की टाकायची. पुढच्या खोलीत ती नीट पसरली, कोपरे ओढले.

"बसा," ती म्हणाली.

गणेश मागच्या दारानं आला. बारीक झाला होता. तो सतरंजीवर न बसता उंबऱ्याशी टेकला.

"डोया कसा आहे, भाऊजी?"

"आहे," हर्षल म्हणाला. मग म्हणाला, "गण्या..." गणेशनं मान हलवली. ती हो म्हणून की राहू द्या म्हणून, ते कळलं नाही.

आत भांड्यांचा आवाज आला. स्टोव्ह पेटवायच्या आधी आई नेहमी तिला आत हाक मारायची. या घरात चहा वर्षाराणीनंच करायचा, लग्नाआधी आणि लग्नानंतरही. ती पदर खोचून उठली आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली.

कस्तुराबाईनं वर पाहिलं नाही. तिच्यासमोर ट्रेमध्ये बशीवाले कप मांडलेले होते.

"तू बस तिकडं," ती हळूच म्हणाली. "पाहुण्यानं कायले उठा लागते?"

वर्षाराणी परत आली आणि सतरंजीच्या कडेला बसली. चहा आला. तिनं दोन्ही हातांनी कप घेतला.