शेक बंद झाला

जीवनने चाकांवरचं मशीन देवाजीच्या खाटेसमोरून सरळ पुढे नेलं, तशी द्वारकाबाई उठून त्याच्या मागे धावली.

"अरे बाप्पा, आमचे राह्यले ना!"

"तुमचं बंद झालं, अम्मा. मॅडमनं सांगतलं."

"बंद? काऊन बंद?"

"ते मॅडमले इचारा." एवढं बोलून तो कोपऱ्यातल्या खाटेकडे गेला. जीवन काही वाईट माणूस नव्हता, पण स्वतःच्या पोटासकट ते धूड ढकलायचं म्हणजे बोलायला दम उरत नसे.

द्वारकाबाई परत येऊन नवऱ्याचा हात धरून बसली. शेजारच्या मावला गावात मेथी-पालकाची वाडी करणाऱ्या देवाजीला न्यूमोनिया झाला होता. आदिलाबादच्या या दवाखान्यात, आयसीयूत, घशात नळी घालून तो बरेच दिवस पडून होता. नातेवाइकांना तिथे बसू देत नसत. पण शुद्धीवर आला की तो नळी ओढायचा आणि बायकोने हात धरला की गप्प राहायचा, म्हणून तिला मुभा होती. सकाळी मशीन खाटेशी आलं की मात्र तिलाही बाहेर काढत. नर्सही लांब जात आणि जीवन वायर ताणून दूर उभा राही.

हा शेक आहे, हे द्वारकाबाईने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. तिच्या नणंदेला नागपूरला छातीच्या कॅन्सरच्या गाठीवर शेक दिला होता. तिथेही असंच मशीन आणि असंच सगळ्यांना बाहेर घालवणं. नणंद बरी होऊन आली, आणि आजही भांडायला ती सगळ्यांत पुढे असते. छातीत कफ झालाय, शेकला की सुटतो, यात न समजण्यासारखं काय आहे? त्यात पहिल्या शेकानंतर देवाजीने डोळे उघडले. कावळा बसला आणि फांदी तुटली! तेव्हापासून ती जीवनला म्हणायची, "जराक जास्तच दे बाप्पा, जुनं हाड हाये." एकदा तर ती गुपचूप पडद्याआडून आत आली आणि देवाजीचा हात धरला. तो तिच्याकडे वळला आणि जीवन कावला, "हालले ना! पुन्हा घ्या लागते आता." नवऱ्याला एक शेक जास्तीचा मिळाला म्हणून ती मनातून खूश झाली होती.

आणि आता शेक बंद. आदल्या दिवशी हैदराबादेहून आलेल्या नव्या डॉक्टरीणबाई खाटेपाशी म्हणाल्या होत्या, "डेली आपेय्यंडी." बाजारात भाजी विकून द्वारकाबाईला कामापुरतं तेलुगू येत होतं. आपेय्यंडी म्हणजे थांबवा. काय थांबवा, ते तिला आता कळलं. दवाखान्याने हात टेकले होते. तोंडावर असं कोणी सांगत नाही, आपणच समजून घ्यायचं असतं.

जिन्यात तिने मुलाला, हर्षदीपला, गाठलं.

"गाडी पाह्य. बापाले घरी नेऊ."

"डॉक्टर काय म्हन्ते?"

"डॉक्टर कायले म्हन्ते? शेक बंद केला त्याइनं. आपल्या दारात, तुयशीपाशी जाऊ दे जीव. इतं परक्यात नको."

हर्षदीप डोळे पुसत गाडी बघायला गेला.

द्वारकाबाई आत आली आणि नर्स प्रियदर्शनीला शांतपणे म्हणाली, "शिस्टर, ते नळी तुमी काढता का आमीच काढू?"

प्रियदर्शनीच्या हातातलं औषध तिथेच राहिलं. "मावशी, काय बोलून राह्यल्या? नळी काढली तं जातीन ते!"

"तसंबी जातेच ना आता. तुमी शेक बंद केला."

"कोनता शेक?"

द्वारकाबाईने मशीनकडे बोट दाखवलं. प्रियदर्शनीला आधी हसू आलं, आणि मग तिच्या अंगावर काटा आला. तिने म्हातारीला स्टुलावर बसवलं.

"तो शेक नाई, मावशी. फोटो हाये. छातीच्या आतला फोटो, कफ किती हाये ते पाह्याचा. फोटोनं मानूस बरा नाई होत. मामाची तब्येत जराशी सुधरून राह्यली, म्हून मॅडमनं रोजचा बंद केला. गरज पडली तरच काढू. ते किरणं उगाच अंगात जाऊ देनं बरं नाई."

"बरं नाई?" द्वारकाबाई म्हणाली. "मंग इतके दिस काऊन देल्ले?"

"तवा पाहनं जरुरी होतं."

"आन् मी मांगून घेतला तो? माह्यापायी दुसऱ्यांदा काढला तो?"

"एका फोटोनं काई होत नाई. लई थोडं असते ते."

"थोडं म्हंजे किती?"

पुस्तकातला आकडा प्रियदर्शनीला सांगता आला असता, पण म्हातारीला आकडा नको होता. थोडं म्हणजे किती थोडं, हे कसं सांगायचं ते तिलाही कळेना.

द्वारकाबाई नवऱ्याकडे बघत राहिली. तो सुधारतोय याचा आनंद मानावा, की आपण कौतुकाने नको ते मागून घेतलं म्हणून रडावं? आणि आपण आज त्याची नळी काढायला निघालो होतो! तेवढ्यात हर्षदीप धापा टाकत आला.

"गाडी आनली, माय."

"नको."

"आता काऊन नको?"

"तुले नाई समजनार. मलेबी नाई समजलं."

पुढे काही दिवस मशीन खाटेसमोरून निघून जायचं आणि द्वारकाबाई सुटकेचा निःश्वास टाकायची. मग एका सकाळी देवाजीला धाप लागली, अंग तापलं. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या आणि थोड्या वेळाने जीवनचं मशीन खाटेपाशी येऊन थांबलं.

"काऊन आनलं?" तिने प्रियदर्शनीला विचारलं.

"पाहा लागते, मावशी. ताप चढला."

"म्हंजे गरज पडली."

"हो."

तिने उठून पाण्याची बाटली घेतली.

"थांब जराक," ती जीवनला म्हणाली. पदराचं टोक ओलं करून तिने देवाजीच्या डोळ्यांच्या कडा पुसल्या. पांढरे केस तळव्याने चापून बसवले. नळीच्या पट्टीखालून जेवढी मिशी दिसत होती, तेवढी बोटाने सारखी केली. चुरगळलेला अंगरखा खाली ओढून नीट केला. या माणसाचा एकट्याचा असा फोटो घरात एकही नव्हता.

"हालू नका हां," ती त्याच्या कानाशी म्हणाली.

मग जीवनला "काढ" म्हणाली, आणि कोणी सांगण्याआधीच बाहेर गेली.