क्रिसिसचा अर्थ

पास्टर विकासनं हरीशच्या कपाळावरची ओली घडी काढली, गार पाण्यात पिळली आणि पुन्हा ठेवली. तापाचा आज नववा दिवस. मेंदूला सूज आहे, आता घरीच सेवा करा, असं सांगून नांदेडच्या डॉक्टरांनी त्याला गावी, डोंगरकड्याला परत पाठवलं होतं.

हरीशचा म्हातारा बाप, लखमा, खाटेच्या पायथ्याशी उकिडवा बसला होता.

"पास्टर, त्या ऐतवारी तुमी म्हणलात, न्यायाचा दिवस कोणाला चुकत न्हाई. ह्यो त्योच का?"

विकासचा हात थांबला. त्या दिवशी चर्चमध्ये तो आवाज चढवून बोलला होता. तिसऱ्याच दिवशी हरीश रानात कोसळला.

"नाही बाबा. माझं सांगणं चुकलं. शास्त्रातला मूळ शब्द ग्रीक आहे, क्रिसिस. त्याचा अर्थ निवडणं, वेगळं करणं. निवाडा. शिक्षाच, असं नाही. त्या काळचे वैद्य हाच शब्द आजारात वापरायचे. ताप ज्या दिवशी बऱ्याकडं नाहीतर वाइटाकडं वळतो, तो दिवस."

"मंग आज कोणीकडं वळून राहिला?"

विकासनं हरीशचं मनगट धरलं. नाडी बोटांखाली येत होती, हरवत होती. चार वर्षं शिकलेलं ग्रीक तिथं कामाचं नव्हतं.

"ते मला कळत नाही, बाबा. पण ही शिक्षा नाही. कोणाच्या पापाची नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

म्हाताऱ्याला बरं वाटेल, असं त्याला वाटलं होतं. लखमाचा चेहरा मात्र उतरत गेला. तो लेकाच्या पावलांकडं बघत राहिला.

"शिक्षा असती तर माफी मागता आली असती," तो हळू म्हणाला. "एवढंच हाताशी व्हतं माझ्या. ते बी न्हाई म्हणता. मंग म्या काय करू?"

बाहेर सोयाबीनच्या मळणीयंत्राचा आवाज थांबला. हरीशचा श्वास तेवढा ऐकू येऊ लागला.

"तरी माफी मागा, बाबा," विकास म्हणाला.

लखमानं डोक्यावरचा रुमाल काढला, हात जोडले.

"देवा, ह्या लेकराची माय गेली तवा म्या त्याला कंदी जवळ घेतलं न्हाई. कामाला लावलं. रडला की मारलं. माफ कर. त्याला सोड."

विकास खाटेजवळून उठला, जमिनीवर म्हाताऱ्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसला.

"आमेन," तो म्हणाला.