कागद हातात पडेपर्यंत

रने झास्ट्रोकडे नवऱ्याविरुद्धचा मनाई हुकूम होता. न्यायाधीशाची सही, कोर्टाचा शिक्का, सगळं जिथल्या तिथे. कर्टने घरी यायचं नाही, फोन करायचा नाही, तिच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. एकच गोष्ट राहिली होती. तो कागद कर्टच्या हातात पडला नव्हता, आणि पडत नाही तोवर त्याची किंमत फ्रिजवर लावलेल्या वाणसामानाच्या यादीइतकीच होती.

कोर्टातल्या मदतनीस ओडेगार्डबाईंनी तिला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. "तू स्वतः नेऊन द्यायचा नाहीस हं. शेरीफचा माणूसच देणार. चौदा दिवसांत सुनावणी. तोवर नवरा सापडला नाही, तर तारीख एकदा वाढवून मिळते. एकदाच, लक्षात ठेव. पुन्हा नाही."

ती वाढीव तारीख परवा, सोमवारी होती. तोवर बजावणी झाली नाही तर हुकूम संपला. पुन्हा नवा अर्ज, पुन्हा त्या खिडकीपुढे उभं राहून सगळं पहिल्यापासून लिहायचं. सप्टेंबरात त्याने पायरीवरून ढकललं आणि गळ्याजवळचं हाड मोडलं, हे तिने एका दमात लिहिलं होतं. दुसरी गोष्ट लिहिताना पेन अडलं होतं. संध्याकाळी तो स्वयंपाकघरात रायफल मांडीवर आडवी ठेवून फडक्याने पुसत बसायचा आणि अगदी शांतपणे विचारायचा, "आज कुठे कुठे गेली होतीस?" त्याने रायफल कधी रोखली नव्हती. म्हणून त्या अर्जाआधी रनेने हे कोणालाही सांगितलं नव्हतं, सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही.

शेरीफचा डेप्युटी हिंट्झ सहा वेळा कागद घेऊन गेला. कर्ट ज्याच्याकडे राहत होता तो त्याचा भाऊ ब्रायन दरवेळी म्हणायचा, "आत्ताच गेला बघ." पेट्रोलपंपावरच्याने त्याला पाहिलं नव्हतं. त्याच्याबरोबर रोज बिअर पिणाऱ्यांनीही पाहिलं नव्हतं. अख्खं गाव एकदम आंधळं झालं होतं, आणि त्याचं कारण शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सुनावणीत न्यायाधीशाने हुकूम कायम केला, की रायफली शेरीफकडे जमा. आणि विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरात, हरणांच्या शिकारीच्या दिवसांत, रायफलीवाचून माणूस म्हणजे जवळजवळ मेलेलाच.

किराणा दुकानातली डॉना तर तोंडावर बोलली होती. "नऊ दिवसांचा तर शिकारीचा हंगाम, रने. तेवढा होऊ दे ना बिचाऱ्याचा. मग कर काय करायचं ते."

"आणि त्या नऊ दिवसांत त्याच्या हातात काय असतं गं, डॉना?"

डॉनाने अंडी पिशवीत भरली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

आज शनिवार, हंगामाचा पहिला दिवस. उजाडल्यापासून रानात बार होत होते. प्रत्येक बाराला रने हातातलं काम थांबवून कान द्यायची. हा तळ्याकडचा, हा लांबचा, आणि हा? हा जवळचा होता का? मुलीला तिने कालच बहिणीकडे पोचवलं होतं. स्वतः मागे राहिली ती गाईंसाठी. दूध काढणं काही हुकमाची वाट बघत थांबत नाही.

तीनला फोन वाजला. सासू होती, आर्डिस. दोन महिन्यांत ती एक शब्द बोलली नव्हती.

"कर्टने हरीण मारलंय," आर्डिस म्हणाली. "बारा टोकांच्या शिंगांचं. चारला श्नाइडरच्या बारपुढे टांगणार, मोजणार, फोटो काढणार. मला बोलावलंय."

"मला कशाला सांगताय?"

"तू त्या रस्त्याने जाऊ नयेस म्हणून." मग आवाज उतरवून ती म्हणाली, "चारला. बरोबर चारला." आणि फोन ठेवला.

रने तशीच उभी राहिली. पंचवीस दिवस शेरीफला हुलकावणी देणारा माणूस बारा टोकांची शिंगं मात्र तासभरही लपवू शकत नव्हता! तिला हसू आलं आणि लगेच भीती वाटली. तिने हिंट्झला फोन लावला.

"श्नाइडरपुढे?" हिंट्झ कळवळला. "आजच्या दिवशी, शंभर लोकांसमोर? अगं, मलाही याच गावात राहायचंय."

"मलाही. आणि तो एकटा तुला सापडला होता का कधी?"

पलीकडे हिंट्झने गाडीच्या किल्ल्या उचलल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "निघतो."

चार वाजले. सव्वाचार. रनेने पुढचं दार लावलं, मागचं लावलं, परत पुढचं पाहून आली. चार पंचविसाला फोन आला.

"दिला," हिंट्झ म्हणाला. "हातात दिला."

"काय म्हणाला?"

"आधी हसला. मग वाचला. मग नाही हसला. कागद चुरगळून टाकला आणि गाडीकडे गेला. रने, दार लावून घे. रायफल मला आज घेता येत नाही, ते सोमवारी न्यायाधीश ठरवणार. पण आता तो तुझ्या अंगणात आला तर मी त्याला बेड्या घालू शकतो."

"आल्यावर ना?"

"मी तुझ्याकडेच निघालोय," एवढंच तो म्हणाला.

बारपासून घर बारा मिनिटं. बहिणीकडे जाणारा रस्ताही त्याच बारवरून. रनेने दिवे मालवले आणि स्वयंपाकघरात जमिनीवर, फ्रिजला टेकून बसली. बाहेर झपाट्याने अंधारत होतं. आतापर्यंत तिने वाट पाहिली होती ती हा कागद त्याच्या हातात पडण्याची. तो पडला, आणि ती आयुष्यात कधी घाबरली नव्हती एवढी घाबरली.

नवव्या मिनिटाला अंगणात गाडी वळली. दिव्याचा उजेड छतावरून सरकला. गाडीचं दार वाजलं. पायऱ्यांवर पावलं, सावकाश, एकेक पायरी.

"रने. मी आहे गं, आर्डिस. उघड."

रने उठली, पण कडीला हात लावेना. "एकट्याच आहात?"

"एकटीच."

दार उघडलं. दारात म्हातारी उभी होती, शिकाऱ्यांच्या भडक नारिंगी जॅकेटमध्ये, आणि तिच्या हातात गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी लांब. रने दोन पावलं मागे सरली.

"घाबरू नकोस. रिकामी आहे." आर्डिसने ते टेबलावर ठेवलं आणि खिशातून पाच काडतुसं काढून शेजारी मांडली. "फोटोला दोन्ही हातांनी शिंगं धरावी लागतात. म्हणून रायफल मला धरायला दिली. तेवढ्यात हिंट्झ आला, सगळे तिकडे बघायला लागले. मी गाडीत जाऊन बसले."

"आणि त्याच्या बाकीच्या रायफली?"

"ब्रायनच्या कपाटात." तिने काडतुसांपाशी एक किल्ली ठेवली. "हिंट्झला दे ही."

रनेने किल्ली उचलून मुठीत धरली. तिला रडू आलं. "तो तुम्हाला कधी माफ करणार नाही."

"नाही करणार." आर्डिसने खुर्ची ओढली, दाराकडे तोंड करून बसली आणि जॅकेटची बटणं सोडू लागली. एक बटण सुटत नव्हतं. "तू सांगितलं नाहीस तरी मला ठाऊक होतं. त्याचा बापही रायफल मांडीवर आडवी ठेवूनच विचारायचा, कुठे गेली होतीस," ती म्हणाली. "कर्ट तिथेच बसलेला असायचा, टेबलापाशी. सगळं बघत."

रनेने पुढे होऊन तिचं बटण सोडवलं.