हर्षिताचा रोवणा

सौंदडच्या पुरनलालची हर्षिता हुशार होती, यात वादच नाही. पण हुशारीला थोडा चालूपणा लागतो, तो काय बाजारात मिळतो? गोंदियाहून एमसीए करून पोरगी घरी आली आणि एकच ध्यास घेऊन बसली. माणसासारखं कुठलंही काम स्वतःहून शिकेल असं यंत्र घडवायचं. एजीआय म्हणतात त्याला. हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे, हे तिलाही कळत होतं. तिला तिच्यासारखीच वेडी चार माणसं हवी होती.

इंटरनेटवर तसा एक गट सापडला. कोणी रायपूरचा, कोणी इंदूरचा. आता माणसं जोडायची कशी, हे ती धानाच्या बांधीतच शिकली होती. रोवण्याला, म्हणजे भाताच्या लावणीला, आज आपण शेजारणीच्या बांधीत वाकायचं, आपल्या दिवशी ती येतेच. तुझं काम मी केलं, असं बोलून दाखवायचं नसतं. तो समोरचीचा अपमान. हर्षितानं तीच रीत तिथं लावली. दोन वर्षं दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढल्या, त्यांच्या यंत्रांना शिकवायची हजारो वाक्यं तपासून दिली, आणि स्वतःच्या यंत्राबद्दल चकार शब्द काढला नाही.

मग तिनं गटावर लिहिलं, रविवारी अकराला माझ्या कामाला बसू. सगळ्यांनी होकाराचे अंगठे टाकले.

रविवारी अकरा वाजले, साडेअकरा वाजले. स्क्रीनवर ती एकटीच. आई दुलारी दारात तांदूळ निवडत होती, पण कान सगळा आत. बाराला रायपूरचा इंद्रकुमार आला.

"बाकी लोग?" हर्षितानं विचारलं.

तो गोंधळला. "आपको भी कुछ बनाना था? हमें लगा, आपको बस मदद करना अच्छा लगता है."

माणूस वाईट नव्हता हो. तिनं दाखवलेलं त्यानं पाच मिनिटं नीट पाहिलं, छान आहे म्हणाला. पण ज्याचा त्याचा प्रोजेक्ट आहे, वेळ कोणाकडेच नाही, हेही सांगून टाकलं. जाता जाता म्हणाला, "वो मेरी कल वाली फाइल ज़रा देख लेंगी?"

हर्षिताचं काळीज पार तुटलं. दोन वर्षांत एकही माणूस आपला झाला नव्हता.

"जी, देख लेती हूँ," ती म्हणाली.

कॉल बंद झाला तशी दुलारी आत आली. "काऊन हो म्हटलंस? ते आले का तुह्या कामाले?"

"त्यानं बोलावलं ना माय. बोलावल्यावर नाही कसं म्हनू?"

पोरीला हे दुलारीनंच शिकवलं होतं. ती तिच्याजवळ खाली बसली. हर्षितानं इंद्रकुमारची फाईल उघडली आणि डोळे पुसत पुसत पहिल्या ओळीपासून चुका शोधू लागली.