दोन बोटं फेस

माझ्या नणंदेचं टॅपरूम आहे. पुढे दहा टेबलं, मागे काचेपलीकडे बिअरच्या टाक्या आणि मध्ये लांबलचक लाकडी काउंटर, त्यावर सहा नळ. बिअर ताई बनवते, मी ओतते. "बायको काय करते?" असं कुणी विचारलं की माझा नवरा "ओतते" एवढंच सांगून गप्प बसतो. समोरचा माणूस दिवसभर डोकं खाजवत राहतो आणि याला त्यातच आनंद.

मुलगी चार महिन्यांची झाली तेव्हा ताईनं मला परत बोलावलं.

"बाळाला घेऊन ये," ती म्हणाली. "माल्टच्या पोत्यांच्या खोलीत ऊब असते, झोपेल गुमान. पण एक सांगते. काउंटरच्या सिंकमध्ये ग्लासांशिवाय काही दिसलं ना, तर टोपली घरी आणि टोपलीबरोबर तूही घरी."

ताई असं बोलते तेव्हा हसत नाही. मीही हसले नाही. दुसऱ्या दिवशी टोपली, दुपटी, लंगोट आणि पिटुकली असा सगळा संसार घेऊन मी हजर झाले.

आमच्याकडे दर बुधवारी चार वाजता 'एकट्याचं मत' असतं. बाटल्यांचा एक क्रेट उलटा ठेवायचा, ज्याला हुक्की येईल त्यानं त्यावर उभं राहायचं आणि बिअरबद्दल किंवा ती पिण्याच्या रीतीबद्दल असं मत सांगायचं, जे या खोलीत दुसऱ्या कुणाचंच नसेल. एक जरी हात वर झाला तरी मत बाद. मग त्या माणसानं त्या दिवसाचे सगळे ग्लास धुवायचे. एकही हात वर झाला नाही, तर सगळ्यांनी एक मिनिट तोंड बंद ठेवून त्याचं ऐकायचं. बक्षीस एवढंच. पण एक अख्खं मिनिट कुणी मध्ये न बोलता आपलं ऐकतंय, हे सुख लोकांना घरी मिळत नसावं. क्रेटसमोर रांग लागते.

दातांच्या डॉक्टरीणबाई दर आठवड्याला एकच मत मांडतात : बिअर इतकी गार देऊ नये, बर्फासारख्या बिअरला चव नसते, नुसती कळ असते. टेम्पोवाल्याचं म्हणणं, चाखायला म्हणून जो तिसरा छोटा ग्लास मागतो त्याला उभं राहूनच पिऊ द्यावं, बसायला खुर्ची देऊ नये. आणि मोजणीवाले काका. ते जन्मभर जमिनी मोजत होते, आता निवृत्त आहेत, आणि खिशात सहा इंची पट्टी घेऊन येतात. फेस म्हणजे फसवणूक, हा त्यांचा सिद्धांत. ग्लास समोर आला की काठाला पट्टी लावतात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मिलिमीटरमध्ये सांगतात.

खरं तर या मतावर त्यांना कधी मिनिट मिळत नाही, कारण अर्ध्या खोलीचे हात वर होतात. एकट्याचं मत असेल तर ते माझं आहे. सातव्या महिन्यात पोट सावरत मी क्रेटवर चढले होते आणि म्हणाले होते, "बिअरवर दोन बोटं फेस हवाच. वास फेसात असतो." एकही हात नाही. टेम्पोवाला तर म्हणाला, "वहिनी, तुमची अवस्था बघून विरोध करवत नाही, पण पाठिंबाही देववत नाही."

वासाबद्दल मी उगाच बोलले नव्हते. ते नऊ महिने मला एक थेंब घेता येत नव्हता, पण ओतायची मीच. मग मी नुसते वास घेत राहिले. नाक इतकं तीक्ष्ण झालं होतं की कुणी दारातून आत आला की त्यानं दुपारी काय खाल्लंय ते सांगितलं असतं. त्या दिवसांत मला सारखा एक वास हवासा वाटायचा : कडेला जरा करपलेल्या टोस्टचा, आणि शेजारी कुणीतरी संत्रं सोलतंय असा. असली बिअर कुठे नव्हती. मी ताईच्या मागे लागले. सहा महिने लागले.

"संत्र्याच्या सालीत तेल असतं," ताई म्हणायची. "तेलानं फेस मरतो. आणि फेसाचं एवढं कौतुक तुलाच!"

"थोडीच घालू, ताई."

शेवटी तिनं सगळ्यात लहान टाकी मला दिली. "एकदाच. जमली तर जमली. नाही जमली तर ओतून द्यायची आणि पुन्हा टाकी मागायची नाही. कबूल?"

कबूल म्हणताना पोटात पिटुकलीनं लाथ मारली होती. धान्य भाजण्यापासून बिअर ग्लासात येईपर्यंत मध्ये किती आठवडे जातात, ते ताईलाच ठाऊक असतं. पण मध्ये बाळंतपण आलं, टाकी दोनदा पुढे ढकलली गेली, आणि अखेर मागच्या महिन्यात, बाळाला कडेवर घेऊन, मी स्वतःच्या हातानं साल किसली.

ती बिअर पहिल्यांदा नळाला लागायची होती त्याच बुधवारची ही गोष्ट.

त्या दिवशी मीही एक घोट घेणार होते. म्हणून सकाळीच दूध काढून दोन बाटल्या भरून ठेवल्या. दुपारी टॅपरूममध्ये आल्यावर एक बाटली पिटुकलीनं लगेच रिकामी केली, ढेकर दिला आणि पोत्यांच्या उबेत मुठी वळून झोपी गेली. मी तिच्या टाळूवरून नाक फिरवलं. दुधाचा वास आणि भाजलेल्या धान्याचा वास एकत्र असा येतो, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

मग काउंटरवर गेले आणि माझ्या बिअरसाठी आणलेले बुटक्या पायांचे नवे ग्लास खोक्यातून काढून धुतले. तीस ग्लास. घासून, निथळून, उपडे घालून.

चार वाजता खोली भरली. ताईनं पाटीवर खडूनं लिहिलं : 'करपट-संत्रं. वहिनीची.' पहिला ग्लास तिरपा धरला, नळ उघडला, काळीभोर बिअर खाली उतरली, ग्लास सरळ केला.

फेस आला आणि गेला. मोजून तीन श्वास. वर काळं सपाट पाणी, एखाद्या डबक्यासारखं.

दुसरा ग्लास. तेच. तिसरा. तेच. शेजारच्या नळाची पिवळी बिअर नेहमीच्या उंच ग्लासात नेहमीसारखी फेसाळत होती. माझीच तेवढी मेलेली.

आणि मोजणीवाले काका पट्टी हातात घेऊन उभे राहिले.

"शून्य!" ते ओरडले. "मंडळी, शून्य मिलिमीटर! काठोकाठ! वहिनी, एवढे दिवस कुठे होतात? यालाच म्हणतात प्रामाणिक बिअर!"

खोलीत टाळ्या पडल्या. टेम्पोवाल्यानं शिट्टी वाजवली. पंधरा ग्लास दहा मिनिटांत संपले. लोक इतके खूश होते की चव कुणी सांगेना, सगळे उंचीच सांगत होते. मी मात्र काउंटरला धरून उभी होते, कारण ताईचा चेहरा मला दिसत होता.

तिनं एक ग्लास नाकाशी नेला आणि न पिता खाली ठेवला.

"तेल," ती हळूच म्हणाली. "मी सांगितलं होतं तुला."

"थोडीच घातली होती, ताई..."

"थोडीही जास्त झाली. वासच वर येत नाहीये. ही माझ्या नावानं नाही विकता येणार." तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तेच जास्त लागलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "सहा वाजेपर्यंत राहू दे, लोक खूश आहेत. मग बिअरचं पिंप उतरवते आणि ओतून देते. जा, बाळ उठलंय बहुतेक."

बाळ उठलंच होतं. पोत्यावर बसून मी दुसरी बाटली तिच्या तोंडाला लावली. ती माझं बोट घट्ट धरून, डोळे मिटून पीत होती, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी तिच्या झबल्यावर पडत होतं. तिला त्याचं काही नव्हतं. तिचं सगळं नीट चाललं होतं.

बाटली रिकामी झाली. सवयीनं मी ती उजेडाकडे धरली. आत काचेला दुधाचा धूसर पापुद्रा राहिला होता आणि त्याला बारीक बुडबुडे चिकटून बसले होते, मधोमध, पट्ट्यासारखे.

हा पट्टा मी आत्ताच कुठेतरी पाहिला होता.

मी तिला खांद्यावर टाकून तशीच बाहेर आले. काउंटरवर कुणाचा तरी अर्धा ग्लास होता. आतल्या बाजूला तसेच बुडबुडे, तसेच मधोमध. जिथे घासायचा ब्रश फिरतो बरोब्बर तिथे.

मग सगळं एकदम आठवलं. निघताना पिटुकलीचा बाटली घासायचा ब्रश घरी राहिला होता. पहिली बाटली मी धुतली ती काउंटरच्या सिंकमध्ये. ग्लासांच्या लांब दांड्याच्या ब्रशानं. एकदाच, पटकन, ताई मागे टाक्यांपाशी होती तेव्हा. आणि त्याच ब्रशानं, त्याच पाण्यात, तीस नवे ग्लास. दुधातल्या तुपानंही फेस मरतो.

मी ताईनं काल रात्री धुतलेला एक उंच ग्लास घेतला आणि माझा नळ उघडला. काळ्या बिअरवर तपकिरी, दाट, साईसारखा फेस चढला आणि चढून तिथेच बसला. दोन बोटं. मी वाकून वास घेतला. करपलेला टोस्ट, आणि शेजारी कुणीतरी संत्रं सोलतंय.

साडेपाच वाजले होते.

खोटं कशाला सांगू, पहिला विचार आला तो गुपचूप ग्लास पुन्हा धुवायचा. पण ताई मूर्ख नाही. "आता कसा आला फेस?" हे ती विचारणारच. उत्तर दिलं तर टोपली घरी. नाही दिलं तर ती सालीलाच दोष देत राहणार, आणि माझी बिअर गटारात. पिटुकलीनं माझ्या खांद्यावर मोठा ढेकर दिला. मी क्रेटवर चढले.

"माझं एकट्याचं मत," मी म्हणाले. "ही बिअर चांगली आहे. ग्लास वाईट आहेत. आणि ते मी वाईट केलेत. दुपारी बाळाची बाटली त्या सिंकमध्ये धुतली. तुम्ही सगळे दूध लागलेल्या ग्लासातून पिताय."

टेम्पोवाल्यानं आपला ग्लास हळूच तोंडापासून लांब केला.

मग कोपऱ्यातून एक हात वर झाला. डॉक्टरीणबाईंचा. "मला मघापासून हेच वाटत होतं, ग्लासांत काहीतरी आहे," त्या म्हणाल्या. "पण एवढ्या आनंदाच्या दिवशी कसं बोलायचं, म्हणून गप्प बसले."

"मत बाद!" टेम्पोवाला ओरडला. "वहिनी, धुवा ग्लास!"

ताई काउंटरमागून आली. एक नवा ग्लास पाण्यात बुडवला, झटकला आणि आत चिमूटभर मीठ भुरभुरवलं. स्वच्छ काचेला मीठ सगळीकडे सारखं चिकटतं. इथे ते काठाशी चिकटलं, बुडाशी चिकटलं, आणि मधल्या पट्ट्यावरून सरसर घसरून खाली आलं.

"कुठल्या ब्रशानं?" ताईनं विचारलं.

"लांब दांड्याच्या."

तिनं तो ब्रश उचलून कचऱ्यात टाकला. मी क्रेटवरून उतरले. "ताई, मी टोपली आवरते."

"टोपली काय आवरतेस? आधी ग्लास धू. तीस आहेत. दे तिला इकडे."

तिनं पिटुकलीला माझ्या हातातून घेतलं आणि कडेवर बसवलं. नवा ब्रश आणून दिला, सिंक स्वतः कढत पाण्यानं विसळून घेतलं, आणि शेजारी उभी राहून एकेक ग्लास तपासू लागली. "हा पुन्हा. हा चालेल. हा पुन्हा." पिटुकली तिच्या कानातलं ओढत होती. ताईनं ते ओढू दिलं. थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई बाह्या सारून आल्या. "ब्रश कसा धरायचा, हे मी रोज लोकांना शिकवते," म्हणाल्या आणि माझ्या हातातला ब्रश काढून घेतला. टेम्पोवाल्यानं पुसायला फडकं मागितलं तर ताईनं त्याला दटावलं, "पुसायचे नाहीत, फडक्याचे धागे लागतात! निथळू द्या." तो म्हणाला, "मग मी नुसता उभा राहून शुभेच्छा देतो."

पहिला धुतलेला ग्लास मी मोजणीवाल्या काकांपुढे ठेवला. वर दोन बोटं फेस, टोपीसारखा. त्यांनी पट्टी लावली. ओठ हलले, आकडा बाहेर आला नाही. मग नाक खाली नेलं. बराच वेळ तिथेच ठेवलं. मिशांना फेस लागला.

"काका, किती?" टेम्पोवाल्यानं विचारलं.

"पट्टी आज घरी राहिली," काका पट्टी खिशात घालत म्हणाले, आणि दुसरा घोट घेतला.

ताईचा ग्लास मी शेवटी भरला. तिचे दोन्ही हात बाळात गुंतले होते, म्हणून मीच तिच्या ओठांशी धरला. तिनं वास घेतला. एक घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. पुन्हा एक. पिटुकलीनं फेसाकडे हात नेला, मी मध्येच पकडला.

मी ताईकडे बघत होते. खोलीत गोंगाट होता, पण मला काही ऐकू येत नव्हतं.

"पुढच्या वेळी," ताई म्हणाली, "साल जरा कमी घाल."

पुढे ती आणखीही काही सांगत होती, धान्य किती भाजायचं, टाकी कधी रिकामी होईल, असलं काहीतरी. मी मान डोलवत होते. तिचे पहिले दोन शब्दच तेवढे मला पुन्हा पुन्हा ऐकू येत होते.